गाठ विझवणारे सरबत

कॅन्सरची गाठ विझवतो म्हणणाऱ्या थंडबाबाने शिंपीणबाईंकडून एक पैसाही घेतला नाही, आणि तिथेच त्याची हुशारी होती. पैसे मागणाऱ्यावर लोक डोळा ठेवतात. फुकट देणाऱ्यापुढे मान तुकवतात. त्याला बाईंच्या गाठीची फक्त दोन चित्रे हवी होती, आधीचे आणि नंतरचे. बरी झालेली एक बाई दाखवता आली, की मागून येणाऱ्यांचे खिसे आपोआप सैल होणार होते.

त्या संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर बाईंचे दोन पेट स्कॅन, अंगातला कॅन्सर उजळून दाखवणारी यंत्राची चित्रे, झळकत होते. पहिल्यात गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ निखाऱ्यासारखी लाल. दुसऱ्यात त्याच जागी फिकट, मळकट ठिपका.

“मी काही म्हणत नाही हो,” बाबा हात जोडून म्हणाला. “मी अडाणी! यंत्र म्हणतंय. एवढं महागाचं यंत्र खोटं बोलेल का?”

टाळ्यांनी छत हादरले. पहिल्या रांगेत शिंपीणबाई बसल्या होत्या, शालीत गुरफटून, गालांची हाडे वर आलेली. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे किरणांचे शेक सुरू व्हायचे होते. “विझलेल्याला कशाला भाजता?” असे बाबाने, स्वतःच करायला लावलेला दुसरा स्कॅन दाखवून, विचारले आणि नवऱ्याने हॉस्पिटलची वाट सोडली.

मागच्या दाराने शेक देणाऱ्या डॉक्टरीणबाई आत आल्या. फोन करकरून थकल्या होत्या. त्या सरळ पडद्यापाशी गेल्या.

“गाठ फिकी दिसतेय, खरंय. पण मांड्या बघा, खांदे बघा. हे कशाने पेटले?”

“रोग अंगातून बाहेर पळतोय!” बाबाने ठोकून दिले. पुन्हा टाळ्या.

“पळता पळता मांडीत मुक्काम करतो होय?” एकदोघे फिसकन हसले. डॉक्टरीणबाई वळल्या. “ताई, दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी काय प्यायलात?”

बाईंनी बाबाकडे पाहिले. सांगितले तर गुण जातो, अशी ताकीद होती.

“सरबत,” शेजारून सासूबाई म्हणाल्या. “मीच नेलं पिशवीत लपवून. बोट टोचून साखर तपासली की संडासात जाऊन प्यायचं, मग मोठी सुई घ्यायची, असं बाबांनी बजावलं होतं. गोडमिट्ट होतं. तिला उमळत होतं, मी म्हटलं, पी गं, बरं वाटेल.”

“आई, गप्प बस ना!” नवरा कुजबुजला.

“का गप्प बसू? पोर वाळत चाललीय माझी.”

डॉक्टरीणबाईंचा आवाज उतरला. “आजी, त्या मोठ्या सुईतून आम्ही साखरेसारखंच औषध देतो, किरणांची खूण लावून. कॅन्सरची गाठ हावरट. ती साखर ओढून घेते, म्हणून चमकते. पेशंटला उपाशी ठेवतो ते त्यासाठीच. आयत्या वेळी सरबत पोटात गेलं, की शरीर साखर स्नायूंकडे वळवतं. आमची खूणवाली साखरही तिकडेच जाते. गाठ होती तेवढीच होती. तिच्या ताटातलं मांड्या-खांद्यांनी खाल्लं, एवढंच.”

“श्रद्धा नसेल त्याला—” बाबाने माइक उचलला.

“तर मग उद्या उपाशीपोटी स्कॅन करू. तुम्हीही या. सरबत तेवढं घरी ठेवा.”

बाबा आला नाही. रातोरात त्याने गावच बदलले. पुढे कळले, की पूर्वी अशाच एका स्कॅन केंद्रात तो पेशंटांची नावे पुकारायचा. उपाशी कोण आणि कशासाठी राहतो, हे ऐकून ऐकून पाठ झाले होते. तेवढेच त्याचे अध्यात्म.

नव्या स्कॅनमध्ये गाठ पहिल्यापेक्षा मोठी दिसली. शिवाय वर, पाठीच्या कण्यालगतच्या गाठीही उजळल्या होत्या, म्हणजे रोग पसरला होता. “ठरल्या वेळी शेकाला आला असतात तर बरं व्हायची आशा मोठी होती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता प्रयत्न करू.” सासूबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले.

यंत्र खोटे बोलत नाही. पण त्याला काय खाऊ घातले, हे विचारावेच लागते. आणि “डॉक्टरांना सांगू नका” असे कुणी बजावले, तर तीच गोष्ट आधी डॉक्टरांना सांगा. खऱ्या औषधाला संडासात लपून प्यावे लागत नाही.

बाबाला टाळ्या मिळाल्या आणि नवे गाव मिळाले. नवऱ्याचे दुसऱ्या स्कॅनचे पैसे गेले. सासूबाईंची झोप गेली. बाकी सगळे शिंपीणबाईंनी भरले, आणि त्यांच्याकडे भरायला एक जीवच होता.