कोरे गोल

"काका, अजून काय येतं तुम्हाला?"

तेजस्विनी पगारे हातात स्केच पेन घेऊन भिंतीवरच्या तक्त्यापुढे उभी होती आणि मी तिच्यामागे, निकालाच्या दिवशी ढ पोरगा उभा राहतो तसा.

तो तक्ता म्हणजे आमच्या अंबडच्या कारखान्यातली सगळ्यांची कुंडली. डावीकडे कामगारांची नावं, वर कामांची, आणि प्रत्येक चौकोनात एक गोल. काम नुसतं माहीत असेल तर पाव गोल रंगवायचा, कुणाच्या मदतीनं जमत असेल तर अर्धा, एकट्यानं जमलं तर पाऊण. दुसऱ्याला शिकवलं असेल तरच पूर्ण. पुढच्या महिन्यात नवी लाइन सुरू होणार होती. तिथे चार कामं येणारीच माणसं घेणार होते, बाकीचे पॅकिंगला. 'सोमनाथ गायधनी' या नावापुढे एकच गोल रंगला होता. जर्मन ग्राइंडिंग मशीन, पाऊण. बाकी नऊ कोरे.

"नव्या मशीनचं प्रोग्रॅमिंग?" तिनं विचारलं.

"नाय."

"हवेच्या दाबावरची कामं? सिलिंडर, व्हॉल्व्ह?"

"बघितलीत."

"मग पाव करते. कॉम्प्युटर?"

"व्हॉट्सॅप येतं लय चांगलं."

ती हसली नाही. हसावी म्हणूनच मी बोललो होतो.

आठ वर्षांपूर्वी ती आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून आली, तेव्हा माझ्याच हाताखाली दिली होती. त्या जर्मन मशीनला सगळे म्हातारी म्हणायचे. म्हातारी बंद पडली, की पॅनल उघडायच्या आधी मी तेजस्विनीला स्टोअरमधून पाना आणायला धाडायचो. ती येईपर्यंत मशीन सुरू. "काय झालं होतं काका?" "रुसली होती. समजूत काढली." झाकली मूठ सव्वा लाखाची, असा आपला हिशेब. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. कुठली वायर कुठे जाते ते कळावं म्हणून वायरींवर नंबरचे बारके तुकडे असतात. एका सुट्टीच्या दिवशी एकटाच कामावर होतो, तेव्हा मी ते सगळे काढून टाकले. मला पाठ होते ना! मग काय, मशीन अडलं की साहेब घरी गाडी पाठवायचे. एकदा तर मेव्हण्याच्या लग्नात पंगतीतून उठवून नेलं. पानावर जिलबी तशीच होती आणि सगळं पळसे गाव बघत होतं. ते आठवलं की आजही छाती फुगते. मग लाज वाटते.

कंपनीनं मला दोनदा सहा-सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला पुण्याला पाठवायचं ठरवलं. दोन्हीदा मी आईचं आजारपण पुढे केलं. आई ठणठणीत होती. मी नसताना दुसरा कुणी म्हातारी शिकला तर, ही धास्ती मला होती. दुसऱ्या वेळी माझ्या जागी तेजस्विनी गेली. तिथून ती थांबलीच नाही. नोकरी करून डिप्लोमा, मग प्रोग्रॅमिंग, मग रोबोट. सुट्टीच्या दिवशी सिडकोतल्या एका दुकानात बसून जळालेली मोटार नव्या तारेनं भरायलाही शिकली. कँटीनमध्ये सगळ्यांदेखत मी तिला म्हणायचो, "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"चिंध्यांचीच गोधडी होते काका," ती म्हणायची आणि भाकरी मोडायची.

आता ती इंजिनिअर होती आणि माझी ओळ तिच्या हातात होती. तिनं पेनाला टोपण लावलं.

"मी वाचवायचा प्रयत्न केला होता," ती म्हणाली. "मशीनलाही आणि तुम्हालाही. म्हातारीला नवा कंट्रोलर बसवायचा प्रस्ताव माझाच होता. मशीन राहिलं असतं तर तुम्ही त्याच्यावरच राहिला असता. पण बाहेरची माणसं पॅनल बघून गेली. एका वायरीला नंबर नाही, वायरिंगच्या ड्रॉइंगचा पत्ता नाही. झेपणार नाही म्हणाले. सौदाही झालाय, परवा भंगारवाला येतोय."

ती माणसं आलेली मी पाहिली होती. मला वाटलं, माझाच काटा काढायला आणलीत. तेजस्विनीनं ड्रॉइंगबद्दल मला तीनदा विचारलं होतं आणि तीनदा मी म्हणालो होतो, मी लागलो तेव्हापासून ते नव्हतंच.

"ड्रॉइंग माझ्याकडे हाय," मी म्हणालो. "घरी. कपाटावर."

मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका, जुन्या साहेबांना शोधत मी नाशिकरोडला दोन चकरा मारल्या हो त्याच्यासाठी."

"सांगायला पायजे होतं मी."

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मी ते नेलं. घड्यांवर फाटलेलं, पिवळं पडलेलं. आता त्याचा उपयोग नव्हता, तरी तिनं ते टेबलावर नीट पसरलं.

"असं वाचून नाय समजायचं," मी म्हणालो. "मी सांगतो. मला बावीस वर्षं लागली."

ती बोट फिरवत वाचत होती. मला तिनं दोन प्रश्न विचारले. मग उठून पॅनल उघडलं, ड्रॉइंग एका हातात धरलं आणि दुसऱ्या हातानं वायरींच्या गुंत्यातला एक रिले दाखवला.

"दर पावसाळ्यात ही याच्यामुळेच बंद पडायची ना?"

याच्यामुळेच. मी घड्याळ बघितलं. पाऊण तास झाला होता.

"सोपं होतं हो काका," ती म्हणाली. मला टोचावं म्हणून नाही, खरंच वाटलं म्हणून म्हणाली. माझ्या आयुष्यात मला इतकं लागेल असं कुणी बोललेलं नाही.

तिलाही ते कळलं असावं. ती घाईघाईनं तक्त्याकडे गेली. "तुमचा गोल पूर्ण करते. आता शिकवलंत की मला."

"नको," मी म्हणालो. "तू वाचलंस. मी नाय शिकवलं."

तिनं पेन खाली घेतलं. नव्या लाइनवरून तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

मी पॅकिंगच्या शेडकडे निघालो. तिथे लेबल छापायचं नवं मशीन आलं होतं आणि ते सुलाबाई चालवतात, एवढं ऐकून होतो. बावन्नाव्या वर्षी 'मला हे येत नाय, दाखवता का?' हे वाक्य तोंडात बसायला वेळ लागतो. शेडच्या दारापर्यंत मी ते चार वेळा मनाशी म्हणून पाहिलं.