लिकुर्गोसच्या दुकानाचा पत्ता

माझ्या आईची चाळीस मिनिटं तुम्ही गिळलीत. फोन कंपनीचं नाव मी लिहीत नाही. वाचताना ज्याचे कान लाल होतील त्याने ओळखावं.

आमचं घर म्हणजे जुना दगडी बुरूज, भिंती दोन हात जाड. आत फोनला रेंज नाही. बोलायचं तर वर टेकाडावरच्या खळ्यावर जायचं. वसंतात आईला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परत आला तर लगेच फोन. एक मिनिट घालवू नका." लुळी पडलेली बाई खळं चढणार? म्हणून घरातल्या इंटरनेटवरून फोन लावणारं वायफाय कॉलिंग.

सेटिंगमधलं बटण सरकवलं. ते आपोआप मागे आलं. पुन्हा सरकवलं, पुन्हा मागे. खळ्यावर जाऊन तुमच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"वायफाय जोडलेलं दिसतंय का, मॅडम?"

"ते खाली घरात आहे. बघायला गेले की तुम्ही तुटाल."

"मग बघून परत या."

चार वेळा वरखाली केलं. फोन बंद-चालू केला, सिम काढून घातलं. काय चाललंय ते मलाही कळेना, मदतकेंद्रातल्या पोरालाही. शेवटी म्हणाला, "अहो, तातडीच्या सेवेसाठीचा पत्ताच भरलेला नाही! रस्ता, घर क्रमांक."

"आमच्या रस्त्याला नाव नाही, घराला क्रमांक नाही. दाढीवाल्याचा बुरूज, ओढ्यापलीकडे. कुणालाही विचारा."

"रकान्यात तसं चालत नाही. तुमची पत्रं कुठे येतात?"

"लिकुर्गोसच्या कॉफीच्या दुकानात. सगळ्या गावाची तिथेच येतात."

"मग तेच भरा की!"

भरलं. बटण जागेवर राहिलं. आई पलंगावर पडल्यापडल्या कालामाता शहरातल्या मावशीशी तासभर बोलली. मग मला म्हणाली, "मेतक्सिया, इतकी वर्षं त्या खळ्यावर चढवून बकरी केलीस गं माझी!"

नोव्हेंबरात मी ऑलिव्हची पोती घेऊन घाण्यावर गेले होते. दुपारी आईचं तोंड वाकडं झालं. तिने तातडीचा एकशे बारा फिरवला. लागला! पण जीभ वळेना, नुसतं "आ... आ...". फोनवरच्या बाईने पडद्यावरचा पत्ता वाचून अँब्युलन्स धाडली. गाडी वेळेत पोचली. कॉफीच्या दुकानात.

"पेशंट कुठाय?" ड्रायव्हर ओरडला.

"इथे?" लिकुर्गोस म्हणाला. "हा पानागोसकाका सोंगट्यांत हरतोय, तेवढाच एक पेशंट."

"चेष्टा नको! फोनवर पत्ता इथलाच आहे."

"अरे बाबा, कागदावर सगळं गावच इथे राहतं!"

मग घरोघर दारं ठोठावण्यात चाळीस मिनिटं गेली. शेवटी पानागोसकाकाने सोंगटी खाली ठेवली, ओढ्यापलीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दाढीवाल्याच्या बुरुजावर धूर नाही. मेतक्सियाची आई स्ताव्रुला या वेळी चूल विझू देत नाही."

आई जगली. उजवा हात गेला. शब्द अर्धे येतात.

मी तक्रार केली. तुमचं उत्तर आलं: पत्ता ग्राहकाने स्वतः भरलेला आहे. हो, मीच भरला. कुणाच्या सांगण्यावरून? काल रकान्यात खरा पत्ता लिहून पाहिला, "दाढीवाल्याचा बुरूज, ओढ्यापलीकडे". लाल अक्षरं आली: अमान्य. पुन्हा लिहिला, पुन्हा लाल. जुना पुसला तर बटणच बंद होतं.

म्हणून बटण चालू आहे आणि पत्ता लिकुर्गोसचाच आहे. आई डाव्या हाताने एकशे बारा फिरवायला शिकतेय. उद्या तिने तो फिरवला तर गाडी कुठे जाईल? पत्र कॉफीच्या दुकानात पाठवा, ते मला मिळतं. पण उत्तर द्या.