एक जूनचा चौकोन

...माउसच्या बाणाखाली एवढासा निळा चौकोन, त्यात दौलतराव सरांचं नाव, आणि नावाच्या अलीकडे, कुणी न सांगता, ‘१२:०० AM’. म्हणजे वाढदिवस मध्यरात्री बाराला सुरू होणार आणि मंडळींनी वेळेवर हजर राहावं, असंच जणू यंत्राचं म्हणणं होतं. सरांना हसू आलं. शाळेच्या वेबसाइटवरचं हे कॅलेंडर त्यांनीच बसवलेलं, त्यामुळे त्याचे आजारही त्यांच्याच गळ्यात. सकाळीच मुख्याध्यापिका ज्योत्स्ना मॅडमचा फोन येऊन गेला होता — “सर, तुमचा निरोप समारंभ अन् तुमचा वाढदिवस एकाच चौकोनात दिसून राह्यले. लोकं कायले येतीन, हार घालाले का केक खायाले?”

दुखणं सापडायला वेळ लागला नाही. वेबसाइटचं घड्याळ परदेशातल्या कुठल्या तरी शहराचं होतं. इथे एक जून उजाडला तरी तिथे अजून एकतीस मे सरायचा असे, म्हणून वाढदिवस मागे सरकून निरोपाच्या मांडीवर जाऊन बसला होता. यादीत आपल्याकडचं असं एकच नाव होतं, कोलकाता. शाळा रिसोडची आणि घड्याळ कोलकात्याच्या हाती! सरांनी ते निवडलं. मग महिना आधी आणि दिवस मागून अशी उलटी तारीख सुलटी केली, वाराचं नाव मराठीत आणलं, वाढदिवसांपुढची वेळ पुसून टाकली... खिडकीतला कूलर घरघरत होता, मेमधली दुपार बाहेर कडुलिंबाखाली निपचित पडली होती, आणि अशी बारीकसारीक कामं करताना माणसाला बरं वाटतं तसं त्यांना बरं वाटत होतं.

आता एकतीस मेच्या चौकोनात एकटा निरोप उरला. आणि शेजारी एक जूनच्या चौकोनात मात्र जत्रा — दौलतराव सर, शिपाई भाऊसिंग, खेळाचे जगदेव सर, आणि चौकोनात मावेनात म्हणून खाली ‘आणखी ४’. नव्या शिक्षकांना याची गंमत वाटे. जुन्यांना वाटत नसे, कारण त्या काळी खेड्यातल्या आयांना पोराची तारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे होत. वय ठरवायची रीत एकच. पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. बोटं टेकली, की झालं पोर सहा वर्षांचं. सरांना ते आठवत होतं, म्हणजे एवढंच आठवत होतं — गुरुजींच्या हाताचा खडूचा वास, आणि कानाला बोटं लागल्यावर अंगभर झालेला आनंद.

त्या आनंदाची किंमत मात्र आता भरायची होती. एक तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम. माय म्हणे, तू झाला तेव्हा ज्वारी निसवली होती. म्हणजे पावसाळा सरत आलेला. आणि शेजारच्या पोरांशी ताळा लावून सरांनी कधीचं काढून ठेवलं होतं की आपण कागदावरच्यापेक्षा वर्ष-सव्वा वर्षाने लहान आहोत. ते वर्ष गेलं कुठे? त्या गुरुजींनी खाल्लं. एक अख्खी दहावीची तुकडी, तिची प्रमेयं, तिच्या खोड्या, तिचं स्नेहसंमेलन — मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण सर इतकी वर्षं मनातल्या मनात त्या गुरुजींशी भांडत आले होते. खरं तर राग कमी आणि भीतीच जास्त होती. शाळा उघडेल, घंटा होईल, आणि मी कुठे असेन? मला ‘सर’ म्हणून कोण हाक मारील?

पडद्यावर एक खूण उरली होती: होऊन गेलेले कार्यक्रम लपवावेत का? यंत्राने आपणहूनच ‘हो’ धरलं होतं. म्हणजे एक जूनच्या सकाळी निरोपही गायब. सरांनी बाण त्या खुणेवर नेला, तिथून एक जूनवर, स्वतःच्या नावावर... हे तर खोटंच आहे, हे तरी पुसावं... आणि काहीच न करता उठून ते पाणी प्यायला मधल्या खोलीत गेले.

माय, भागिरथाबाई, चिंच फोडत बसली होती. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे. डोळ्यांना कमी दिसे, पण बोटांना सगळं दिसत होतं.

“झालं का तुह्यं काम्पुटर?”

“होते. माय, गुरुजीनं माह्यं वय वाढवलं नसतं, तर मले अजून वर्षभर शाळा भेटली असती.”

“गुरुजीनं कायले वाढवलं?” मायने मान वर केली नाही. “मीच सांगतलं, साहा पुरे झाले म्हणून.”

सरांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

“काहून पण?”

“मंग काय करू? तुले वावराच्या धुऱ्यावर निजवून मी निंदाले जाओ. एक दिवस तुह्याजवळून साप गेला. शाळेत सावली होती, खायाले सुकडी भेटे. गुरुजी म्हणे, कान धर. तुहा हात कानाले पुरेच ना, रडाले लागला तू. मंग मी मांगून तुही मान वाकवली जराशीक. टेकले बोटं. गुरुजीनं पाह्यलं, अन् हासले. लिवलं त्याईनं.”

“मंग ते वर्स गेलं माह्यं.”

“गेलं कसं? ते तुले आंगोदर भेटलं न, बाप्पा.” तिने एक चिंचोका उडवला. “चहा ठेवतं का आता?”

चहा ठेवतो म्हणून ते परत खुर्चीत येऊन बसले, चहा विसरले. गुरुजी हसले होते. म्हणजे त्यांना कळलं होतं... आणि आपण त्यांनाच चोर ठरवून बसलो. फार वाईट वाटलं सरांना, आणि त्याच वेळी, उगाच, हलकंही वाटलं. पडद्यावर एक जूनचा चौकोन तसाच गच्च भरलेला. ‘आणखी ४’. त्या चौघांच्याही मागे कुणी उभं असेल का?... बाण नावाशेजारी थांबला होता. पुसायचं की ठेवायचं, त्या खुणेला हो म्हणायचं की नाही, हे अजून ठरलं नव्हतं, आणि ते आत्ताच ठरायला हवं असंही आता वाटत नव्हतं.

त्यांनी माउस सोडला. खोलीत कुणी नाही असं पाहून उजवा हात हळूच डोक्यावरून पलीकडे नेला. खांदा दुखला, हात पुरेना, बोटं कानापासून चार अंगुळं दूरच राहिली. सर तसेच थांबले, मान ताठ ठेवून, आणि मानेवर मागून कुणाचा तरी चिखलाने खरखरीत झालेला तळवा टेकेल म्हणून वाट पाहू लागले.