आहेरात आलेला टर्बो

आळशी, मठ्ठ, झोपाळू! सोवेटोतल्या या घरात मला इतकी नावं ठेवून झालीत की माझं खरं नाव कुणाला आठवतही नसेल. टर्बो म्हणतात मला. दोन वर्षं सगळे माझ्याबद्दल बोलले, आता जरा माझंही ऐका.

माझं काम सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर माझ्या पोटातलं एक चक्र फिरवतो. ते ज्या दांड्यावर बसलंय त्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र आहे, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, तर ताकद जास्त. चक्र लहान असेल तर थोड्या धुरावरही भर्रकन फिरतं, पण मोठ्या वेगात त्याचा दम संपतो. मोठ्या चक्राला फिरायला भरपूर धूर लागतो. मग मात्र ते कुणाला आवरत नाही. मी मोठा आहे. हा काही माझा गुन्हा नाही!

परदेशातल्या एका कारखान्यात माझा आणि माझ्या जुळ्या भावाचा जन्म झाला. डर्बनच्या भेकानीने आम्हा दोघांना विकत घेतलं. जुळ्याला त्याने स्वतःच्या लाल गाडीत बसवलं, मी डिकीतल्या खोक्यातच राहिलो. पण ऐकू यायचं ना! समुद्राकाठचा लांबच लांब मोकळा रस्ता, आणि भाऊ नुसता गात सुटलेला. वाटायचं, येईल आपलीही वेळ.

आली, पण कशी! भेकानीच्या धाकट्या बहिणीचं, नोमफुंडोचं, लग्न ठरलं सोवेटोच्या ओबाकेंगशी. लग्नासाठी नवरदेव डर्बनला आला, तेव्हा भेकानीने त्याला लाल गाडीतून फिरवून आणलं. फेरी संपली तरी पठ्ठ्या सीट सोडेना.

"स्बाली, माझ्याही गाडीत हेच इंजिन आहे," तो म्हणाला. मेहुणे इथे एकमेकांना स्बालीच म्हणतात.

"मग झालं तर! तुझा टर्बो माझ्याकडून."

पुढे उमाबोचा दिवस आला. त्या दिवशी मुलीकडची मंडळी गात गात मुलीच्या सासरी आहेर घेऊन जातात. सगळे बसने सोवेटोला आले. सासऱ्यांना ब्लँकेट, सासूबाईंना ब्लँकेट, आत्यांना गवताच्या चटया, आणि त्या ढिगाच्या टोकावर मी! बायका हसून हसून बेजार झाल्या. ओबाकेंगने तर मला मिठीच मारली.

गल्लीतले जुने मेकॅनिक मोकोएना, ज्यांना सगळे आदराने न्ताते, म्हणजे बाबा म्हणतात, यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"इंजिन केवढं?"

"सोळाशे सीसीचं."

"गाडी फिरणार कुठे?"

"इथेच. माझं ऑफिस, बाजार, नोमफुंडो शिकवते ती शाळा."

"जोर कधी हवा? सिग्नल सुटल्या सुटल्या, की मोकळ्या रस्त्यावर?"

"भेकानीच्या गाडीला आहे ना, तस्सा हवा."

"अरे बाबा, मी तुझं विचारतोय! याच्याहून दोन मापं लहान बसव. कारण इथे..."

"न्ताते, आहेर आहे तो. आणि मी स्वतः बसून आलोय त्या गाडीत."

म्हाताऱ्याने खांदे उडवले आणि पाना उचलला. मी जीव तोडून ओरडत होतो, अहो, त्यांना वाक्य तरी पुरं करू द्या! पण माझं ऐकतो कोण?

आणि सुरू झाले माझे भोग. सिग्नल सुटायचा, ओबाकेंग पाय दाबायचा, आणि मी धुराची वाट बघत बसायचो. शेजारून खचाखच भरलेली टॅक्सी पुढे निघून जायची, वर ड्रायव्हर हात हलवून टाटा करायचा. मला जाग येईपर्यंत पुढचा सिग्नल लाल! मग कचकन ब्रेक. पुन्हा तेच. सकाळ-संध्याकाळ तेच. वैताग आला हो वैताग!

एकदा नोमफुंडो शाळेला निघाली होती. हायवेला लागताना तिने पाय दाबला, काही नाही. घाबरून आणखी दाबला, आणि नेमकी तेव्हा मला जाग आली. गाडी अशी उसळली की पावाच्या व्हॅनवर आदळता आदळता वाचली. बिचारीने गाडी कडेला घेऊन बंद केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काढून टाक तो," घरी आल्यावर ती म्हणाली.

"काढला तर तुझा भाऊ म्हणेल, आहेर फेकला. आणि खरं सांगू? चांगला त्याने स्वतःला ठेवला, खराब माझ्या गळ्यात मारला."

नोमफुंडोने पळी खाली ठेवली. "माझ्या माणसांनी खोटा आहेर दिला म्हणतोस?"

शहाण्याने तेच फोनवर भेकानीलाही ऐकवलं. "माझ्या दारात पाऊल टाकू नकोस," भेकानी म्हणाला. आणि नवऱ्याला सोडून एकटीने माहेरी जायला नोमफुंडोचं मन होईना. दोन ख्रिसमस तसेच गेले. अंगणात उभ्या गाडीत बसून ती आईला फोन करायची. "आई, यंदाही नाही जमायचं गं," म्हणायची, आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायची. बॉनेटखाली मी सगळं ऐकत होतो. या भांडणाला मी निमित्त झालो होतो, आणि माझ्यात बिघाड तर काहीच नव्हता!

शेवटी आईनेच, मा-झोंडींनी, भेकानीला फर्मावलं, "मला गाडीत घाल आणि चल सोवेटोला." तोही छाती काढून निघाला. जुळा कसा पळतो ते दाखवायचंच होतं त्याला.

ओबाकेंग त्यांना घ्यायला हायवेपर्यंत गेला. पहिल्याच सिग्नलला दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या. सिग्नल सुटला, दोघांनी पाय दाबला. मी ढिम्म. आणि माझा भाऊ? तोही ढिम्म! मागच्या टॅक्सीने हॉर्न वाजवून कान किटवले.

अंगणात येताच भेकानीने बॉनेट उघडलं. "घाटात काहीतरी बिघडलं."

न्ताते मोकोएनांनी येऊन तपासलं. काहीही बिघडलेलं नव्हतं.

तेवढ्यात मा-झोंडी ओट्याच्या तीन पायऱ्या चढल्या आणि मटकन खाली बसल्या. "काय गं, तुमच्या गावात हवा कमी येते का?"

नोमफुंडो खूप दिवसांनी हसली. "उंचावर आलीस तू, आई. मलाही पहिला महिनाभर जिन्यावर धाप लागायची."

न्ताते मोकोएनांनी पाना आपटला. "अरे, हेच सांगत होतो मी! समुद्रापासून सोळाशे मीटरहून वर आहोत आपण. इथली हवा विरळ. माणसाला दम लागतो, तसा इंजिनालाही. धूर निघणार कमी, मग एवढं मोठं चक्र फिरवायचं कुणी?"

भेकानीने बॉनेट हळूच लावून टाकलं.

"म्हणजे माझा आहेर खोटा नव्हता," भेकानी म्हणाला.

"नव्हता, स्बाली. मी चुकलो. पण आता आहेर काढू कसा?"

"उन्हाळ्यात ब्लँकेटं घडी करून ठेवता, ती काय फेकून देता?" मा-झोंडी म्हणाल्या. "आहेर माणसांना दिला होता, इंजिनाला नाही."

मग भेकानीनेच स्वतःच्या हाताने मला काढलं. गाडीत दोन मापं लहान टर्बो आला, आणि त्या डिसेंबरात नवराबायको तिच्यातच बसून डर्बनला गेले.

मी कपाटात, उमाबोच्या ब्लँकेटांमध्ये. सगळ्यांनी एकमेकांची माफी मागितली, माझी कुणी मागितली? पाहुण्यांना ओबाकेंग अजूनही सांगतो, "पहिला फार आळशी होता!" इकडे थंडी जूनमध्ये पडते, तेव्हा ब्लँकेटं बाहेर निघतात. माझा हंगाम मात्र या गावात यायचा नाही. एवढंच मागणं आहे, कुणीतरी मला खाली समुद्राकडे न्या. आणि स्वतःसाठी टर्बो निवडाल तेव्हा न्ताते मोकोएनांसारख्याला त्याचं वाक्य पुरं करू द्या.

परवा ब्लँकेट काढताना नोमफुंडोने मला उचललं आणि सहज बोटाने माझं चक्र ढकललं. ना धूर, ना इंजिन. एका बोटाने मी गरगर फिरलो, फिरतच राहिलो.

"अरे, बघ तरी," तिने आतून हाक मारली. "लगेच फिरला!"

बाहेर ओबाकेंग शेजाऱ्याला, काही न विचारता, त्याच्या गाडीसाठी टर्बोचं माप सांगत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.