ओटा एकीकडे, दार दुसरीकडे

नव्या बसगाड्या आगारात येऊन उभ्या राहिल्या, त्या सकाळी बाईंनी पहिल्या गाडीभोवती एक संथ फेरी मारली. फेरी पुरी होईतो त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मावळले होते. गाडीला दारे होती, चांगली रुंद होती, पण सगळी फुटपाथच्या बाजूला होती. आणि शहरभर जे थांबे बांधून होत आले होते, ते रस्त्याच्या मधोमध होते.

बाईंचे धाकटे दीर याच आगारातले जुने चालक. नव्या चालकांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे होते. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा ते दप्तर घेऊन शाळेत जात, तरी बाईंनी त्यांना कधी अरेतुरे केले नाही. त्यांनी गाडीकडे पाहिले, मग वहिनींकडे.

"वहिनी, लोकांनी काय खिडकीतून चढायचं?"

एरवी असल्या थट्टेला बाईंकडून तिखट उत्तर मिळे. आज त्या गाडीच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी पाणी मागितले. भावजींनी पाणी आणून दिले.

सगळ्या शहराची वाहतूक एका सूत्रात ओवण्याची ही योजना बाईंनी आखली होती. मोठ्या रस्त्यांच्या मध्यभागी बससाठी राखीव मार्गिका. जाणारी बस एकीकडून, येणारी दुसरीकडून, दोहोंच्या मध्ये थांब्याचा उंच ओटा. गल्लीबोळांतल्या छोट्या बसनी माणसे तिथवर आणून सोडायची, आणि तिकीट घरापासून कामापर्यंत एकच. या कामात त्यांचे केस पांढरे झाले. चार आयुक्त आले, त्यांनी कौतुक केले आणि ते बदलून गेले. पाचव्याच्या कारकिर्दीत एकदाची कुदळ पडली, तेव्हा बाईंची निवृत्ती दाराशी येऊन ठेपली होती.

चूक कोणा एकाची नव्हती, हेच मोठे दुखणे. समितीला शिस्त बाईंनीच लावली होती: ज्या खात्याचे जे काम, त्यात दुसऱ्याने नाक खुपसायचे नाही. त्यामुळे बैठका वेळेवर संपत. रस्तेवाल्यांनी ओटे बांधले, गाड्यांच्या खात्याने गाड्या मागवल्या, आणि नकाशांत बस नेहमी वरून दाखवलेली असे, लांबट चौकोनासारखी. वरून पाहिलेल्या बसला दार नसते. दार कुठल्या बाजूला, हे दुसऱ्या खात्याने पाहिलेच असणार, असे प्रत्येक खाते समजून चालले. बाराभाईची खेती, काय लागेल हाती, म्हणतात. पण इथे बारा भाऊ भांडले असते तर बरे झाले असते. ते एकमेकांचा मान राखत बसले.

आयुक्त बाईंच्या मुलाच्या वयाचे होते, आणि बोलायला गोड. त्यांनी आरडाओरडा केला नाही. दोन दिवसांनी बाईंना बोलावून त्यांनी तोड सुचवली. मार्गिकेतल्या बसगाड्यांनी आपसांत बाजू बदलायच्या. जाणारीने येणारीच्या जागेतून जायचे, येणारीने जाणारीच्या. मग फुटपाथकडची दारे बरोबर ओट्याकडे येतात. नवी गाडी नको, नवा थांबा नको. योजनेच्या प्रमुख म्हणून बाईंनी फक्त सुरक्षिततेची संमती द्यायची. नाही दिली, तर मात्र रस्ता आणखी अडवून ठेवता येणार नाही. खोदकामाला लोक विटले आहेत, मार्गिका मोटारींना खुली करावी लागेल. हे शेवटचे त्यांनी खाली बघून सांगितले.

एकदा त्या मार्गिकेत मोटारी शिरल्या की त्या पुन्हा बाहेर निघायच्या नाहीत, हे बाईंना पक्के माहीत होते. त्या रात्री जेवताना त्यांनी भावजींना विचारले की अशी गाडी चालवता येईल का. चालवायला काय, भावजी म्हणाले, आठवड्याभरात हात बसेल. आम्ही पगारी माणसं, म्हणाल तर पाठीमागे चालवू. मग भात कालवता कालवता ते थांबले. रस्ता ओलांडणाऱ्यांचं मात्र बघा, म्हणाले. बाईंना राग आला. ठळक पट्टे मारू, फलक लावू, माणसे उभी करू, असे त्यांनी सुनावले. बाई संमती द्यायचे मनाशी ठरवून झोपल्या.

चाचणीच्या दिवशी रस्त्याचा तयार झालेला एक तुकडा निवडला होता. मोटारी नेहमीसारख्या धावत होत्या. मधल्या मार्गिकेत भावजींची एकटी बस. आयुक्त आणि खातेप्रमुख ओट्यावर जाऊन उभे राहिले होते. बाईंना फुटपाथवरून पट्ट्यांवरून तिथवर जायचे होते. सिग्नल पडला, मोटारी थांबल्या; मधल्या मार्गिकेला अजून सिग्नल बसला नव्हता. बाईंनी मोटारींचा रस्ता ओलांडला, मार्गिकेच्या काठाशी त्या थांबल्या, आणि जन्मभर ज्या बाजूने वाहने येत आली त्या बाजूला त्यांनी नीट पाहिले. मार्गिका मोकळी होती. त्यांनी पाऊल टाकले.

ब्रेकचा आवाज त्यांच्या पाठीमागून आला. वळून पाहिले तर बसची काच हाताच्या अंतरावर होती, आणि काचेआड भावजींचा चेहरा राखेसारखा झालेला.

ते खाली उतरले. त्यांनी बाईंचा दंड धरला. इतक्या वर्षांत दिराने वहिनीला हात लावण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"वहिनी, मी कुठून येणार ते तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

बाई ओट्यावर चढून आल्या आणि दम खायला कठड्याला टेकल्या. आयुक्तांनी खुर्ची मागवली. सुरुवातीला असे होणारच, लोकांना सवय होईल, असे ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

"सवय व्हायला माणूस उरावा लागतो, साहेब. रस्ता मी आखला, बाजू बदलल्याचं मला माहीत, समोर फलक. तरी मान वळली ती जुन्याच बाजूला. मी संमती देणार नाही."

"मग मार्गिका जाईल, बाई."

"जाऊ द्या. गाड्यांना दुसऱ्या बाजूला दारं बसवून घ्या, वेळ लागला तर लागू द्या. पण ओटे पाडायचे नाहीत. तेवढा शब्द द्या मला."

शब्द मिळाला, खुशीने नव्हे, पण मिळाला. सोबत असेही कळले की यापुढच्या बैठका बाईंनी घेतल्या नाहीत तरी चालेल. बाईंनी पर्स बंद केली. उठताना त्यांना गुडघ्यावर हात ठेवावा लागला, आणि मदतीला पुढे आलेल्या रस्तेप्रमुखांना त्यांनी नजरेनेच जागच्या जागी थांबवले.

दारे बसवण्यासाठी पहिली गाडी कारखान्यात गेली, ती अजून तिथेच आहे. मार्गिका त्याच आठवड्यात मोटारींनी भरली. मधले ओटे रिकामे उभे आहेत, आणि लोक त्यांना नावे ठेवतात. त्यांतली काही नावे बाईंच्याही कानांवर आली.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात बाई संध्याकाळी घरी निघाल्या, तर त्यांना भावजींचीच जुनी बस मिळाली. मोठ्या चौकाच्या अलीकडे ती अडकली ती हलेना. खिडकीबाहेर मार्गिकेत मोटारींची रांग, तीही तशीच थिजलेली. पलीकडे रिकामा ओटा. शेजारची बाई कुठल्याशा दिवट्याने रस्त्याची वाट लावली म्हणून बोटे मोडत होती. बाईंनी ऐकून घेतले. उत्तर त्यांच्याजवळ होते, पण ते लांब होते.

भावजींनी इंजिन बंद केले आणि मागे वळून पाहिले.

"वहिनी, घर दोन वळणांवर आहे. चालत गेलात तर आधी पोचाल."

"नको," बाई म्हणाल्या. "इंजिन चालू करा तुम्ही, पुढची गाडी सरकली."

ती सरकली होती, वीतभर. भावजींनी बस तेवढी पुढे घेतली.