हा फोटो मोजायचा नाही

मी एक राखाडी पुठ्ठा बोलतोय. वहीएवढा आकार, मधोमध घडीची रेघ, कोपऱ्यात चहाचा गोल डाग. फोटोवाले मला ग्रे कार्ड म्हणतात. एखाद्या देखण्या नटापेक्षा जास्त वेळा मी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलोय आणि एकाही भिंतीवर माझा फोटो नव्हता. कारण साधं आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, दिवे लागले, की मला त्याच्या हातात, छातीशी धरायला देतात. एक फोटो काढतात, त्यावरून उजेड आणि रंग बेतून घेतात आणि मला टेबलावर भिरकावतात. मग खरे फोटो सुरू होतात. माझा तो मोजायचा नसतो.

कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली. अंगावर पडेल त्यातला अठरा टक्के उजेड परत करायचा, कमी नाही, जास्त नाही. घरातली वडीलधारी माणसं याहून बरंच कमी परत करतात, पण त्यांना मापायला कुणी जात नाही.

माझे मालक मास्तर. आठवडाभर स्टुडिओत पोर्ट्रेट, रविवारी फोटोग्राफीचा वर्ग. मास्तरांच्या फोटोत पापणीचा केस न् केस दिसतो, फक्त माणूस सापडत नाही. ‘आधी तंत्र, मग कला,’ असं ते वर्गात सांगतात. तीस वर्षं झाली, ते ‘मग’ अजून वाटेतच आहे.

त्यांची मुलगी कलेचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून घरी आली. तिचा आजार उलटा. फोकस चुकला की त्याला ती मनःस्थिती म्हणायची, फोटो काळाकुट्ट आला की एकटेपणा. मला तर हातही लावायची नाही. मोजमाप केलं की म्हणे नजर मरते. एकदा तिनं बसस्टॉपवरच्या म्हाताऱ्याचा फोटो मास्तरांना दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “ढग छान आलेत.”

शेवटी ती म्हणाली, “बाबा, मला मागची खोली द्या. माझं काम मी तिथं करीन.”

“आमच्या फोटो क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनात तुझा एक फोटो लागू दे, खोली तुझी. नाही लागला तर मुकाट्यानं कॉलेजात परत.”

“परीक्षक तुमचेच मित्र.”

“ते नावं झाकून बघतात. तुझं झाकलेलंच बरं.”

फोटो कुणाचा काढायचा? तिनं आत्याला धरलं. आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तीस वर्षं ती स्टुडिओच्या खिडकीशी बसून लोकांचे तीळ, सुरकुत्या आणि दुहेरी हनुवट्या पुसतेय. आधी बारीक ब्रशनं, आता कॉम्प्युटरवर पेननं. शाबासकी मात्र मास्तरांच्या कॅमेऱ्याला. या स्टुडिओत तिचा स्वतःचा फोटो एकदाही निघाला नव्हता. कुणाला सुचलंच नाही.

मुलगी मला न घेताच सुरू करणार होती. मास्तर दारातूनच ओरडले, “कार्ड धर आधी. स्टुडिओच्या नावानं जाणार आहे तो.” तिनं कपाळाला आठ्या घालून मला आत्याच्या हातात दिलं.

“हे धरून मी चोरासारखी दिसत असेन,” आत्या म्हणाली.

“दिसू दे, ताई. हा मोजायचा नाही,” असं म्हणत मास्तर पुढे आले आणि मला सरळ करायला त्यांनी हात घातला. मी अर्ध्या बोटाएवढा तिरका होतो. त्यांना राहवेना. आत्यानं त्या हाताकडे पाहिलं. त्याच क्षणी मुलीनं बटण दाबलं.

मग चाळीस खरे फोटो निघाले. “हनुवटी खाली. खांदे सैल. ताई, एवढं हसू नकोस.” चाळीसही फोटोंत ओळखपत्रासाठी रांगेत उभी असलेली एक बाई होती.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर मुलगी पहिल्याच फोटोशी थांबली. आत्याच्या हातात मी, कडेनं आत आलेला मास्तरांचा हात, आणि त्या हाताकडे बघणारी आत्या. वैताग, हसू, लहानपणापासूनची ओळख, सगळं एका नजरेत. आणि हेही सांगतो, मी समोर होतो म्हणून तिच्या कातडीचा रंग होता तसाच आला होता. नाहीतर मुलीच्या मनःस्थितीत आत्या निळी झाली असती.

“हा पाठवायचाय,” ती म्हणाली.

मास्तर हसले. “माझा हात आलाय त्यात. पुठ्ठा आलाय. शिकाऊ पोरंसुद्धा हा पाठवणार नाहीत.”

“हात काढला तर ती बघतेय कशाकडे?”

“ते प्रेक्षक ठरवतील. ताई, हात आणि पुठ्ठा पुसून टाक. चेहरा राहू दे. तसा असेल तर जाईल, नाहीतर नाही.”

फॉर्मवर सही मास्तरांची लागणार होती आणि मुदत त्या संध्याकाळपर्यंतच होती.

आत्या खिडकीशी बसली. पेन उचललं. तीस वर्षांत तिनं अख्खं गाव पुसून गोरं केलं होतं, एक हात पुसायला तिला दहा मिनिटं लागली नसती. मी टेबलावरच होतो, मला दिसत होतं. तिनं स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग भावाच्या हाताकडे. पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. कप ठेवला तो माझ्यावर.

तासाभरानं मास्तर आले. “झालं?”

“नाही जमत रे. हात थरथरतो हल्ली.”

“आत्ताच?”

“वय झालं. तू पूस की. तंत्र येतं ना तुला.”

मास्तरांना पुसता येत नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी ते शिकायची गरजच ठेवली नव्हती. ते घड्याळाकडे बघत राहिले आणि मग सही केली. त्यानंतर आत्यानं त्याच थरथरत्या हातानं एका गिऱ्हाइकाच्या नाकावरचा मोहरीएवढा तीळ एका फटक्यात उडवला.

फोटो लागला. मागची खोलीही मुलीला मिळाली. प्रदर्शनात मास्तर पूर्ण वेळ त्या फोटोशेजारी उभे होते. “रंग बघा किती अचूक आहे,” सांगत होते. “हात माझाच आहे.” नजरेबद्दल एक शब्द नाही.

पुढच्या वर्षी क्लबातल्या अकरा सभासदांनी पुठ्ठा धरलेल्या माणसांचे फोटो पाठवले. सगळे पुठ्ठे मुद्दाम तिरके. लोकही आता शहाणे झालेत. कार्ड हातात देऊन मुलगी म्हणते, “हा मोजायचा नाही,” आणि समोरचा लगेच केस सारखे करतो.

मी आता अठरा टक्क्यांचा राहिलो नाही. डागानं माझं माप बिघडलं, नवीन कार्ड आलं. मी आत्याच्या कपावर झाकण म्हणून असतो. तक्रार नाही. फक्त तुमच्या घरात सगळ्यांना देखणं करणारी आणि स्वतः कुठल्याच फोटोत नसलेली कुणी असेल, तर तिला खांदे सैल सोडायला सांगू नका. हातात काहीतरी द्या, उजेड नीट मापा आणि थोडा वेळ गप्प बसा. गप्प बसणं कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत, मास्तरांच्या तर नाहीच.