आखाजीच्या शिव्या

योगराजने आधी फोटो काढला आणि मग सुषमाच्या थोबाडीत मारली.

काकरापारच्या बंधाऱ्यामागे तापी काठोकाठ भरून हिरवी, निवांत पडली होती. सकाळचे नऊ वाजले होते. आठ वर्षांची मयुरी पुढे पळत जाऊन पाण्यातल्या बगळ्यांकडे बोट दाखवत होती. ती वळायच्या आत सुषमाने पदर गालावर ओढून घेतला.

“दात दिसायला पाहिजेत, सांगितलं होतं ना?” योगराज फोनवर फोटो मोठा करून बघत होता. “मयतीला आल्यासारखं तोंड. चल, फिरसे. मयुरी, इकडे ये बेटा, मम्मीला मिठी मार.”

दुसऱ्या फोटोत तिघेही हसत होते. योगराजने तो तिथेच स्टेटसला टाकला. मिनिटभरात सुषमाच्या भावाचा, महेशचा, निरोप आला. योगराजने फोन तिच्यासमोर धरला.

“वाच.”

तिने वाचले.

“मोठ्यानं वाच.”

“भाऊजी, एक नंबर. ताईची मजा आहे,” सुषमाने मोठ्याने वाचले.

“आहे ना मजा? बस मग गाडीवर.”

सुरतेतल्या कोसाडच्या वसाहतीतून ते उजाडण्याआधी निघाले होते. नव्या मोटरसायकलच्या टाकीवर मयुरी, मागे सुषमा, तिच्या मांडीवर बॅग. योगराज अमरोलीच्या एका कारखान्यात लूमवर मास्तर होता. बारा तास मागांच्या खडखडाटात माणसाला ओरडूनच बोलावे लागते, आणि घरी आल्यावरही त्याचा आवाज खाली यायला वेळ लागे. खोल्या एकमेकींना चिकटलेल्या असल्यामुळे त्याने त्यावर उपाय शोधला होता. मारायच्या आधी तो टीव्ही मोठा करी.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी यायचे असते. तीन वर्षांत सुषमा गेली नव्हती. यंदा नवी गाडी सासुरवाडीला दाखवायची म्हणून तो निघाला होता. तिसऱ्या दिवशी परत यायचे, असे त्याने ठरवले होते. सुषमाने वेगळे ठरवले होते. बॅगेच्या तळाशी एका फ्रॉकमध्ये गुंडाळून तिने मयुरीचा शाळेचा दाखला घेतला होता. माहेरी पोचायचे, आईला आणि महेशला सगळे सांगायचे आणि परतीच्या गाडीवर बसायचे नाही. एवढेच तिला करायचे होते. दोन वर्षांपूर्वी फोनवर ती आईला एकदा बोलली होती. आई म्हणाली, “पोरगी लहान शे वं माय. सहन कर.” त्यानंतर तो विषय दोघींनीही काढला नव्हता.

उकईला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होते. जलाशय दिसेल अशा टेकाडावर एक कठडा होता. योगराजने मयुरीला उचलून कठड्यावर बसवले, तोंड आपल्याकडे आणि पाठ दरीकडे. मग फोन सुषमाच्या हातात दिला आणि आपण मयुरीच्या शेजारी उभा राहिला. एका हाताने त्याने पोरीचा फ्रॉक पाठीमागून मुठीत धरला होता.

“काढ. पाणी आलं पाहिजे मागं.”

सुषमाने फोन वर धरला.

“फ्रॉक जुना आहे,” योगराज हसऱ्या तोंडाने म्हणाला. “शिवण कच्ची असते अशा फ्रॉकची. तिथं जाऊन तोंड उघडलंस तर परत याच रस्त्यानं यायचंय आपल्याला. समजलं?”

सुषमाचा अंगठा पडद्यावर हलत होता पण फोटो निघत नव्हता.

“समजलं का?”

“समजलं.”

“पप्पा, खाली घ्या ना,” मयुरी म्हणाली.

“अरे, घाबरली काय माझी वाघीण?” त्याने तिला अलगद उतरवले आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

नवापूरच्या पुढे मयुरीला लघवीला लागली. सुषमाने गाडी थांबवायला दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर योगराजने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, मयुरीला झाडामागे पाठवले आणि मागे हात नेऊन सुषमाची पोटरी तापलेल्या सायलेन्सरवर दाबून धरली. सुषमाने बॅगेचा पट्टा दातांत धरला. मयुरी परत आली तेव्हा योगराज चेनवरची धूळ पुसत होता.

प्रकाशाला तापीच्या पुलाखाली उतरून त्यांनी बर्फाचा गोळा खाल्ला. घाटाजवळच्या मोकळ्या वाटेवर योगराजने मयुरीच्या हातात हँडल दिले आणि मागून सावरत तिला चार फेऱ्या मारून आणल्या. “पप्पा, अजून! अजून एक!” ती ओरडत होती. तिची वेणी सुटली होती. योगराज खराच हसत होता. सुषमा पायरीवर बसून, पाय पाण्यात सोडून बघत होती. गार पाण्याने पोटरी आणखी झोंबत होती. हा माणूस असा हसत असेल तर आपले कोण ऐकणार, असे तिला वाटले.

सुषमाच्या माहेरी, वडखेड्याला पोचले तेव्हा सूर्य कलला होता. दारात तिच्या आईने, धुरपदाबाईंनी, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

“उनी का मनी माय!” त्यांनी लेकीला पोटाशी धरले. मग नातीला. मग पदर सावरून जावयाला म्हणाल्या, “या जवाईबापू, पानी घ्या.”

महेश नव्या गाडीभोवती फिरत होता. त्याने आपला फोन गल्लीतल्या बायकांना दाखवला. काकरापार, उकई, प्रकाशा. “दखा, कशी फिरवतात भाऊजी ताईला!” बायका म्हणाल्या, नशीब काढलं पोरीनं.

संध्याकाळी सुषमा आईशेजारी सांजोऱ्या लाटायला बसली. बसताना लुगडे वर सरकले. धुरपदाबाईंची नजर पोटरीवर गेली. फोड हाताच्या पंजाएवढा लांबट होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना बोटांचे निळे वण होते.

“गाडीवर भाजलं?”

“हो.”

धुरपदाबाईंचे लाटणे थांबले. पडवीत योगराज महेशला गाडीचे मायलेज सांगत होता. सुषमाने वाक्य जुळवून ठेवले होते. वाटभर, दीडशे-दोनशे किलोमीटर, ती ते मनात म्हणत आली होती. तिने तोंड उघडले.

“लागी जास गाडीवर,” धुरपदाबाई घाईने म्हणाल्या आणि लाटणे पुन्हा फिरू लागले. “खोबरेल लाव.”

दुसऱ्या दिवशी आखाजी होती. दुपारी गौराईपुढे रुजवलेले गहू पाण्यात सोडायला गावातल्या लेकीसुना गाणी म्हणत नदीवर गेल्या. वैशाखात त्या नदीत गुडघाभर पाण्याची एक धार तेवढी उरते. अलीकडे वडखेडे, पलीकडे लोणपुरे. गहू सोडून झाले की दोन्ही काठांच्या बायका समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. पोटभर देतात, आणि दगडही मारतात. पण तो दगड मधल्या धारेत पडला पाहिजे, पलीकडे नाही. पाणी उडाले, की हसायचे. ज्या बाईने वर्षभर सासरी मान वर केलेली नसते, तिलाही त्या दिवशी गळा काढून ओरडता येते. पुरुषांनी तेवढा वेळ नदीत उतरायचे नसते. ते वर निंबाच्या सावलीत पत्ते खेळत बसतात आणि ऐकून न ऐकल्यासारखे करतात. कुणी कुणाला काय म्हटले याचा राग नदीच्या बाहेर न्यायचा नाही, हा नेम दोन्ही गावे पाळतात.

“वडखेड्यानी बायकास्वन!” पलीकडून इंदुबाईंनी सुरुवात केली. साठीची, काटक बाई. लोणपुऱ्यात त्यांच्या जिभेपुढे सरपंचही बोलत नसे. “तुमच्या भाकरीला पापुद्रा नाही नि तुमच्या नवऱ्यांना मिशा नाहीत!”

“तुमच्या नवऱ्यांना मिशा आहेत, पण त्या बकरी खाते!” इकडून उत्तर गेले. दगड पडला. पाणी उडाले. दोन्ही काठ हसले.

मयुरी हे सगळे तोंड उघडे टाकून बघत होती. धुरपदाबाईंनी तिचा हात धरून तिला एका सपाट खडकावर उभे केले.

“तू बी दे एक.”

“मला नाही येत.”

“मी शिकवते ना. दख, पहिली शिवी गावले देवानी. मंग त्यांच्या भावाला. मंग नवऱ्याला. राग खोटा, पन आवाज खरा. समजलं?”

मयुरीने मान हलवली. दोन्ही मुठी आवळून ती ओरडली, “लोणपुऱ्याच्या बायकांनो, तुमची... तुमची म्हैस काळी आहे!”

पलीकडच्या बायका पोट धरून हसल्या.

“म्हैस काळीच ऱ्हास वं बाय!” इंदुबाई ओरडल्या. “सुरतला पांढरी ऱ्हास का? याला काय शिवी म्हनतस? तुना घरमा कोनी शिवी देत नही का?”

मयुरी विचारात पडली. शाळेत उत्तर आठवताना करायची तशी तिने मान तिरकी केली. मग पाय फाकवून उभी राहिली, हनुवटी खाली घेतली आणि पोटातून आवाज काढला.

“ए! उठ! मेली का?”

हसू अजून ओसरले नव्हते.

“दार लाव आधी. टीव्ही मोठा कर. अजून मोठा. पोरगी झोपली का बघ. झोपली? मग ये इकडे.”

सुषमा गर्दीतून पुढे सरकली. तिने हात लांब केला. पोरीच्या तोंडावर तो ठेवायला दोन पावलांचेच अंतर होते. तिने वर निंबाकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, आणि हात खाली घेतला.

मयुरीची बोटे कमरेशी गेली. तिथे नसलेला पट्टा तिने एका झटक्यात ओढून काढला आणि मुठीभोवती दोन वेढे दिले.

“हात खाली. हात खाली घे बोललो ना! तोंडावर नाही मारत, घाबरू नको, तोंडावर दिसतं. वळ. रडायचं नाही. रडलीस तर अजून दहा. चूप! एकदम चूप! तुझ्या आईनं माझ्या अंगावर फेकून दिली तुला. कोण येणार आहे तुला विचारायला? सांग ना, कोण येणार आहे?”

तिने दगड भिरकावला. तो धारेत बरोबर मध्ये पडला.

कुणी हसले नाही. पलीकडून उत्तर यायची पाळी होती. उत्तर आले नाही. मयुरीने पलीकडे पाहिले, मग इकडच्या बायकांकडे पाहिले. एकीनेही तिच्या नजरेला नजर दिली नाही. तिच्या मुठी सैल झाल्या.

“आजी,” ती हळू आवाजात म्हणाली, “चुकलं का माझं?”

तेवढ्यात वरून दगडगोटे घरंगळले. योगराज उतार उतरून नदीत येत होता.

“हे टीव्हीवरचं सगळं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असे हसत म्हणाला. “आजकालची पोरं! चल मयुरी, घरी चल.”

त्याने तिचा दंड पकडला. पोरीचा खांदा कानापर्यंत वर गेला.

पहिला दगड त्याच्या पायाजवळ पडला. त्याने मान वर केली. दुसरा त्याच्या गुडघ्यावर बसला. तो वाकला, आणि तिसरा भुवईच्या वर लागला. दंड सुटला. रक्त डोळ्यात उतरले तेव्हा त्याने कपाळ दाबून धरले. पलीकडे चाळीसेक बायका उभ्या होत्या. वर्षानुवर्षे दगड धारेत पाडायची सवय झालेले ते हात होते. किती जोराने फेकला की दगड कुठे पडतो, ते त्यांना नेमके ठाऊक होते.

“महेश!” योगराज ओरडला. “बघतोस काय? मारतायत त्या!”

महेश उतारावर उभा होता. पत्ते अजून त्याच्या हातात होते. त्याचे तोंड पांढरे पडले होते.

“आज नदीत उतरायचं नसतं, भाऊजी,” तो म्हणाला. “वर या.”

योगराजने सुषमाकडे बघत एक पाऊल टाकले. चौथा दगड त्याच्या कानाजवळून गेला. मग तो वळला, घसरत, हात टेकत उतार चढला. महेश बाजूला झाला, पण त्याने आधाराला हात दिला नाही.

इंदुबाईंनी लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेतले आणि पाण्यात पाय घातला. आखाजीच्या दिवशी पलीकडची बाई इकडे आलेली कुणी पाहिली नव्हती. त्यांच्यामागे दोघी उतरल्या, मग पाच-सहा. इंदुबाई सुषमासमोर येऊन थांबल्या.

“पोर खरी बोलनी का वं?”

जुळवून ठेवलेले वाक्य सुषमाला आठवेना. तिने पाठीवरचा पदर काढला आणि ब्लाउजची वरची दोन बटणे सोडून त्यांच्याकडे पाठ केली.

इंदुबाईंनी पाहिले. मागच्या बायकांनी पाहिले. पदर इंदुबाईंनीच परत नीट घातला. मग त्या धुरपदाबाईंकडे वळल्या. जिच्या जिभेला सगळे लोणपुरे भीत असे, त्या बाईने एक शब्दही काढला नाही. नुसती बघत राहिली.

धुरपदाबाई खडकाजवळ गेल्या. मयुरी अजून तिथेच उभी होती, उत्तराची वाट बघत. त्यांनी खडकाशेजारी वाळूत गुडघे टेकले. आता त्यांचे तोंड पोरीच्या तोंडाच्या खाली आले होते.

“नही माय,” त्या म्हणाल्या. “तुनं नही चुकनं.”